काडीएवढी धार

डोंगरातल्या या दिवसांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. बाहेरचे लोक येतात, पिवळी झाडं बघतात, फोटो काढतात आणि खाली निघून जातात. आम्ही इथेच असतो. सकाळी पायऱ्यांवर दव गोठून पांढरं झालेलं, पाय चुकला तर माणूस थेट खालच्या वळणावर. दुपारी ऊन असं की स्वेटर काढून कमरेला बांधावा. तो बांधून होतोय तोवर दरीतून ढग वर येतो आणि अंगावर भुरभुर ओतून जातो. हिवाळ्याशी माझं भांडण नाही. बर्फ पडला की पडला, फावडं घ्यायचं आणि वाट काढायची. पण हिवाळ्याआधी हे जे चालतं त्याला धड नाव नाही. पाहुणा उंबऱ्यात उभा राहतो, आत येत नाही आणि दारही लावू देत नाही, तसलं.

मी आयुष्यभर पाणीखात्यात खोदाई केली. या दिवसांत एकाच चरात वरची वीतभर जमीन दगड असते आणि खाली चिखल. सकाळी फावडं परत फेकते, दुपारी गिळून टाकते. हवेला शिव्या का घालायच्या हे त्यात काम करणाऱ्यालाच कळतं. आता निवृत्त झालो, शिव्या चालू आहेत. त्यातल्या निम्म्या वॉशरच्या वाट्याच्या आहेत.

वॉशर म्हणजे आमच्या वरच्या गल्लीचा पाणीवाला. त्याचं खरं नाव कचेरीपुरतं. गल्लीत तो वॉशरच, कारण कोणत्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच. नळ गळतोय? वॉशर गेलाय. गुडघा दुखतोय? वॉशर गेलाय. शिंप्याचा जावई कुठल्याच नोकरीत टिकत नाही? त्याचाही वॉशर गेलाय. शर्टाच्या खिशात रबरी चकत्या कायम, धुवायला टाकलेल्या शर्टातही सापडायच्या. पण कामाला पक्का. त्यानं आवळलेला सांधा पुन्हा बघायला लागत नाही. हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

त्याचं काम असं. समोरच्या डोंगरात झरा आहे. तिथे टाकी, आणि टाकीच्या तोंडाला जाळी. झाडं झडायला लागली की ती जाळी पानांनी बुजते, म्हणून रोज वर जाऊन साफ करायची. टाकीतून लोखंडी लाइन निघते, जमिनीखालून उतरत घळीपर्यंत येते. घळीत सगळा खडक. तिथे चर खोदता येत नाही, ते मी करून बघितलंय. म्हणून तेवढा तुकडा पुलाच्या पोटाखालून उघडा जातो. पूल संपला की बेकरीपाशी लाइन पुन्हा जमिनीत शिरते आणि गल्लीनं चढत शेवटच्या घरापर्यंत पोचते. झरा त्या घराहून उंच, त्यामुळे पाणी आपल्याच जोरानं चढतं. ते शेवटचं घर वॉशरच्या अक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं.

सगळी गोम पुलाखालच्या तुकड्यात. कडक थंडी पडली की त्यातलं पाणी गोठतं, फुगतं आणि लोखंड फाडतं. म्हणून त्याआधी झऱ्याजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पुलाजवळचा खालचा व्हॉल्व्ह उघडून लाइन रिकामी करायची आणि बर्फ वितळेपर्यंत तशीच ठेवायची. तोपर्यंत गल्लीनं चौकातल्या सार्वजनिक नळावरून पाणी आणायचं. त्या नळाची लाइन जुनी आणि खोल, ती गोठत नाही. पण चौक खाली आहे आणि गल्ली वर. भरलेली बादली घेऊन ती चढण चढणं काय असतं, ते न चढणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

म्हणजे लाइन लवकर बंद केली तर लोक ओरडणार, उशिरा केली तर पाइप फाटणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही.

दर वर्षी तोच तमाशा. पहिलं दव गोठलं की माझा शेजारी शिंपी वॉशरला रस्त्यात अडवतो आणि विचारतो, अजून बंद नाही केलं, फाटल्यावर करणार का? त्याच दुपारी ऊन पडतं. तोच शिंपी बनियनवर दारात बसून म्हणतो, एवढ्या उन्हात बंद करायची घाई कसली? कापड दोनदा मोजणारा माणूस, बोलणं एकदाही मोजत नाही. बेकरीवाला निराळा. तो काही बोलत नाही, आकाशाकडे बघून नुसती मान हलवतो. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

त्या वर्षी यात भर पडली. पाणीखात्याचे साहेब पूल बघून गेले. तो तुकडा आधी फाटला होता, बदलला होता, पुन्हा फाटला होता. साहेबांनी बेकरीसमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं की आता फाटला तर नवा पाइप मिळणार नाही, वरची लाइन कायमची बंद, गल्लीला चौकातला नळ आहे तो पुरे. साहेब वाईट माणूस नव्हते. पण ते गाडीनं आले होते आणि गाडीनंच गेले.

साहेब गेल्यावर वॉशरनं वर, गल्लीच्या टोकाकडे बघितलं. मीही बघितलं. बाकीचे लोक बारा महिने बादल्या वाहतील, कुरकुरतील, पण वाहतील. टोकाच्या घरातून चौकापर्यंत जाऊन भरलेली बादली घेऊन परत चढणं अक्काच्या कमरेला आता जमणारं नव्हतं. आणि दुसऱ्यानं आणून दिलेलं तिला चालणारं नव्हतं. हिवाळ्यात ती लहानशी किटली घेऊन जायची, दहादा जायची, पण जायची स्वतः.

अक्काबद्दल नीट सांगायला हवं. यांची आई लवकर गेली, वडील कामासाठी महिने महिने बाहेर. धाकट्याला वाढवलं अक्कानं. तेव्हा गल्लीत लाइन नव्हती. अक्का दोन हातांत दोन डबे घेऊन चौकातून पाणी आणायची, सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर पुन्हा. पुढे शाळा सुटली, पाणी सुटलं नाही. तोंड धुतलेलं पाणी पायांवर, पायांवरचं फरशीवर, फरशीवरचं दारातल्या झाडांना. तिच्या घरात पाण्याला निवृत्ती नव्हती. पेला सांडला म्हणून वॉशरनं लहानपणी मार खाल्लाय. तो पाणीवाला का झाला ते मला कुणी सांगायला नको.

लाइन गल्लीत आली तेव्हा ती माझ्या घरापाशी संपणार होती. वरच्या एका घरासाठी खातं खोदणार नव्हतं. ते वॉशरनं आणि मी खोदलं, सुट्टीच्या दिवसांत. तेव्हाही हेच दिवस, सकाळी दगड आणि दुपारी चिखल. शेवटी नळ बसला. वॉशरनं अक्काला हाताला धरून आणलं आणि नळ सोडला. आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. अक्कानं क्षणभर बघितलं आणि नळ बंद केला.

"बघितलं," ती म्हणाली. "उगाच सांडू नकोस."

मला वाटलं होतं रडेल बिडेल. तिनं आम्हा दोघांना चिखलाचे बूट बाहेर काढायला लावले.

तर अशी अक्का. तिच्यासाठी वॉशर दर वर्षी लाइन बंद करायची शक्य तेवढी पुढे ढकलायचा. ती मागायची नाही, तो कबूल करायचा नाही. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, आणि गल्लीचा त्यात फायदा होता म्हणून गल्ली गप्प होती.

साहेब येऊन गेल्यावर तरी त्यानं घाई करावी की नाही? पण हवेनं घात केला. ऊन पडलं, चांगलं खणखणीत ऊन. दव गोठायचं थांबलं. शिंपी पुन्हा बनियनवर आला. वॉशरची एक खूण होती, टाकीवरचं शेवाळ पायाखाली कुरकुरलं की बंद करायचं. शेवाळ कुरकुरत नव्हतं. तो रोज जाळी साफ करून खाली यायचा आणि म्हणायचा, अजून दोन दिवस.

मग एका संध्याकाळी वारा पडला. आकाश पुसल्यासारखं स्वच्छ झालं आणि बेकरीचा धूर ओळंब्यासारखा सरळ वर गेला. असा धूर गेला की रात्री काय होणार हे सांगायला विद्वान लागत नाही. मी पुलावर जाऊन वॉशरला म्हटलं, आत्ता वर जा आणि बंद कर. तो म्हणाला, उद्या दुपारी करतो, अक्काला चादरी धुवायच्यात, थंडीआधीचं शेवटचं धुणं आहे. मी विचारलं, आणि रात्री गोठलं तर? म्हणाला, धार सोडतो.

आमच्या कामातली ती जुनी युक्ती. हलतं पाणी सहजासहजी गोठत नाही. लाइनच्या अगदी शेवटचा नळ काडीएवढ्या धारेनं सोडून ठेवला की लाइनभर पाणी सरकत राहतं आणि एखादी रात्र निभावून जाते. मधला नळ चालत नाही, शेवटचाच लागतो. शेवटचा नळ कुणाचा, ते सांगितलंय.

मी त्याच्याबरोबर वर गेलो. वॉशरनं आपल्या हातानं नळ सोडला, धार बघितली, थोडी कमी केली, पुन्हा बघितली. बरोबर काडीएवढी. मग तो अक्काला म्हणाला की नळ रात्रभर असाच राहू दे, हात लावू नकोस.

"आणि हे पाणी?"

"जाऊ दे मोरीत."

"मोरीत?" अक्कानं असं विचारलं, जणू तो तिचे दागिनेच मोरीत टाकायला सांगतोय.

त्यानं सगळं समजावलं. पूल, पाइप, थंडी, साहेब काय म्हणाले ते, लाइन गेली तर काय होईल ते. अक्का मठ्ठ नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. पाणी हलतं राहिलं पाहिजे, थांबलं तर पाइप फुटेल, फुटला तर नळ कायमचा गेला. दारातून निघताना त्यानं पुन्हा विचारलं, नक्की ना?

"तू जा रे," ती म्हणाली. "तुझ्याआधीपासून मी पाणी ओळखते."

उतरताना मी त्याला म्हटलं, आजची रात्र इथेच झोप. तो म्हणाला, ती हो म्हणालीय ना, आता राहिलो तर विश्वास नाही म्हणेल.  आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिथे तिसऱ्यानं जीभ कशाला घालायची.

सकाळी माझा नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. बाहेर दाराच्या फळ्यांतले खिळेसुद्धा पांढरे झाले होते. गल्लीभर लोक रिकामी भांडी घेऊन दारात उभे होते, आणि शिंपी सांगत होता की त्यानं आधीच सांगितलं होतं. वॉशर माझ्या दारावरून वर पळत गेला. मी माझ्या चालीनं मागून गेलो. गोठलेल्या पायऱ्यांवर पळणारा माणूस दोनदा चढतो.

अक्काच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या भरलेल्या, टब भरलेला, सगळी पातेली भरलेली आणि वर झाकणं. किटली, चहादाणी, कप ओळीनं, पेले ओळीनं. फुलदाणी. वॉशरचा शाळेतला डबा, तोही काठोकाठ. लहानपणी त्याला ज्यात आंघोळ घालायची ते पत्र्याचं घमेलं माळ्यावरून काढलेलं, तेही भरलेलं. नळ बंद होता, चांगला आवळून बंद. अक्का खुर्चीत बसली होती, डोळे लाल. रात्रभर काडीएवढ्या धारेखाली भांडी बदलत होती.

"मी बंद केला," ती म्हणाली. "सगळं भरलं. काही म्हणजे काही रिकामं उरलं नाही."

"मोरीत सोडायचं होतं, अक्का. तेच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला ते जमलं नाही."

ती माफी मागत नव्हती. नुसतं झालं ते सांगत होती, वजन उचललं गेलं नाही असं हमाल सांगतो तसं. वॉशर उंबऱ्यावर बसला. फुटलेल्या लाइनखाली डोक्यावर पाणी झेलत काम करताना मी त्याला बघितलंय, तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. मग म्हणाला, वॉशर गेलाय. कुणाचा, ते बोलला नाही.

आम्ही पुलाखाली उतरलो. पाइपवर पांढरी लव आली होती. वॉशरनं पान्यानं ठोकून बघितलं. रिकामा पाइप घुमतो, भरलेला मऊ वाजतो. हा दगडासारखा वाजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फाटलाय की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण बर्फ स्वतःच पाडलेली फट स्वतःच बुजवून बसतो. वितळल्याशिवाय निकाल नाही. आणि आपोआप वितळणार नव्हता. या दिवसांत ऊन घळीत उतरतच नाही, वरच्या कड्यावर सोनेरी रंग दाखवून निघून जातं. दुपारी ढग येणार हे नक्की. दुसरी रात्र तशीच गेली तर जे आज फाटलं नसेल ते उद्या फाटणार. म्हणजे संध्याकाळच्या आत हातानं वितळवायचा.

त्याची रीत आहे. गल्लीच्या बाजूचा खालचा व्हॉल्व्ह उघडा टाकायचा, म्हणजे वितळलेल्याला बाहेर पडायला वाट मिळते. सुरुवात त्या उघड्या टोकापासूनच करायची आणि झऱ्याच्या दिशेनं वीत वीत सरकायचं. पाइपला गोणपाट गुंडाळायचं, आधी कोमट पाणी, मग जरा गरम. उकळतं कधीच नाही. मधूनच सुरुवात केली तर दोन्हीकडे बर्फाचं बूच राहतं आणि पाइप तुमच्या हातात फुटतो.

भट्टी बेकरीत तापलेली होतीच. बेकरीवाल्यानं मान हलवली, आणि या वेळी ती हो म्हणूनच होती. पण तापवायला पाणी हवं. गल्लीत थेंब नव्हता. चौकातल्या नळावर अख्ख्या गल्लीची रांग लागलेली, प्रत्येकाला आधी चहा हवा, आणि तिथून भरून आणायचं म्हणजे सगळी चढण. वॉशरनं गल्लीच्या टोकाकडे बघितलं. मीही बघितलं. 

अक्का दारात उभीच होती, हातात भरलेली बादली.

"घ्या," ती वरून म्हणाली. "पण भांडी परत आली पाहिजेत. झाकणांसकट."

मग वरून खाली साखळी लागली. लोकांना बादली धरता येत नाही हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. हात सरळ ठेवायचा, गुडघा किंचित वाकवायचा, दुसरा हात बाजूला काढून तोल घ्यायचा, एवढंच. पण नाही. कुणी बादली पोटाशी धरून आणत होतं, कुणी दोघांत एक धरून भांडत होतं. शिंप्यानं निम्मी बादली आपल्याच चपलांवर ओतली आणि वरून अक्का ओरडली, सांडू नका. नंतर तो पुलाखाली आला आणि कुंडीला घालावं तसं उंचावरून गरम पाणी पाइपवर ओतायला लागला. मी त्याच्या हातातला मग काढून घेतला. तो म्हणाला, मदत करतोय ना. मी म्हटलं, वर जाऊन कर.

गोणपाट भिजवायचं, दाबून धरायचं, गार झालं की काढायचं, पुन्हा भिजवायचं. बोटं आधी भाजतात, मग बधिर होतात, मग काही वाटत नाही. वॉशर पुढे आणि मी मागे. दुपार झाली, ढग वेळेवर आला. तेवढं एकच काम तो वेळेवर करतो. आधी भुरभुर, मग पाण्याबरोबर बर्फाचे कण. खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागला, मग चिखलासारखा बर्फ, मग अंगठ्याएवढा काचेसारखा गट्टू निसटून खडकावर फुटला. तरी पलीकडचं टोक सुटेना. अक्काची पातेली संपली, टब संपला, कप आले. कपांनीसुद्धा ओतलं. शेवटी शाळेचा डबा आला.

त्या डब्यावर लाइन सुटली असं म्हणणारे गल्लीत आहेत. मी तिथे होतो. डब्यानंतर फुलदाणीही ओतली, तेव्हा सुटली.

आतून घरघर आली आणि पाणी जोरात व्हॉल्व्हमधून बाहेर पडलं. आता निकाल. वॉशर पाइपवरून हात फिरवत निघाला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मधोमध एका ठिकाणी पंख्यासारखा बारीक फवारा उडाला.   त्यानं फवाऱ्यावर तळहात ठेवला, खालून बोट घातलं, कान लावला. लोखंड फाटलं असेल तर सगळं संपलं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वॉशर गेलाय."

सांध्यातली रबरी चकती तेवढी फाटली होती. पाइप शाबूत. इतकी वर्षं तो माणूस हेच म्हणत आला, पण ऐकून बरं वाटण्याची ती पहिली वेळ.

तो तसाच भिजलेल्या कपड्यांनी झऱ्यावर गेला आणि व्हॉल्व्ह बंद करून आला. लाइन रिकामी झाली. आदल्या संध्याकाळी मी पुलावर उभा राहून हेच सांगत होतो.

भांडी परत गेली. अक्कानं एकेक बघून घेतलं. चहादाणीचं झाकण नव्हतं. ते शोधायला शिंप्याला पुन्हा घळीत उतरवलं, आणि सापडेपर्यंत कुणी हललं नाही. मग चादरी तशाच राहिल्या म्हणून तिनं वॉशरला दोन शब्द ऐकवले. आणि वर म्हणाली, मी पाणी साठवलं नसतं तर तुम्ही पाइप वितळवला कशानं असता?

 शिंपी म्हणाला, खरंच की. बेकरीवाल्यानं मान हलवली. तेव्हापासून गल्लीत सगळे म्हणतात की अक्कानं लाइन वाचवली. मी म्हणतो, नळ सोडून ठेवला असता तर वितळवायलाच लागलं नसतं. माझं ऐकतं कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

आणि हवा? दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही पडलं. बर्फ पडायला एवढा वेळ लागला की गल्ली निळ्या आकाशाखाली घाम गाळत चौकातून बादल्या वाहत होती आणि वॉशरला विचारत होती, एवढी घाई कसली होती? अक्का किटली घेऊन जायची, यायची. तो मागून जायचा, ती किटली द्यायची नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा ऊन, पुन्हा अजून दोन दिवस, पुन्हा एका संध्याकाळी वारा पडला आणि धूर सरळ वर गेला. मी म्हटलं, आत्ता बंद कर. तो म्हणाला, उद्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. फक्त या वेळी त्यानं अक्काचा नळ काडीएवढा सोडला, खिशातून पाना काढला, नळाची मूठच काढून घेतली आणि खिशात चकत्यांबरोबर टाकली. अक्का बघत होती. काही बोलली नाही. ती काही बोलली नाही यानंच त्याला शंका यायला हवी होती.

सकाळी उजाडता उजाडता माझं दार वाजलं. पायऱ्या पांढऱ्याफटक. दारात अक्का, कोट घातलेला, डोक्याला रुमाल, हातात बादली. मागे वॉशर उभा, हातात नळाची मूठ, चेहरा असा की मी आलेलं हसू आवरलं. रात्रभर धार तिनं मोरीत जाऊ दिली नव्हती. भांडी भरली, मग बादली भरली. नळ बंद होईना, तेव्हा ती भरलेली बादली घेऊन खाली निघाली होती. उतार होता, कमरेला तेवढं जमत होतं. आजूबाजूच्या घरांना देऊन झालं होतं. कुणाची नको म्हणायची छाती झाली नव्हती.

"घे," ती म्हणाली. "वाया जात होतं."

"अक्का, माझ्या नळाला पाणी आहे."

"मग ते जपून वापर."

मी बादली घेतली. जड होती. ती परत वर निघाली, रिकाम्या हातांनी, कठड्याला धरून, आणि वॉशर तिच्या मागे. मी दारात उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत पायऱ्या बघितल्या. कुठेही थेंब सांडलेला नव्हता.